मीटरवरचं चित्र

बॅनरवरचा शब्द मला वाचता आला नाही.
दृक्प्रत्ययवादी.
दोनदा जीभ अडकली, तिसऱ्यांदा सोडून दिला.
संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या, देवठाणकर,
हे लोक वस्तू नाही काढायचे,
वस्तूवर पडलेला उजेड काढायचे.
म्हटलं, मग आमच्याच लायनीतले.

चौदा फोकस, चाळीस मीटर वायर,
शिडी एक, तिचा एक पाय आखूड.
परभणीतला मे महिना;
हॉलमधला पंखा हजेरीपुरता फिरतो.
पांढरा उजेड नको, पिवळसर लावा, म्हणाल्या,
यांच्या चित्रांत पांढरा नाहीच.
बघितलं तर खरंच.
सेलूच्या कुणा ड्रॉईंग मास्तरांनी काढलेलं जिनिंगचं आवार,
कापसाचे ढीगच्या ढीग,
आणि सरकीएवढंही पांढरं नाही.
जांभळं, गुलाबी, सावलीला हिरवट.
लांबून कापूस.
जवळून नुसती बोटं पुसल्यासारखं.

पूर्णा जंक्शनला सिग्नलवर होते म्हणे मोहसीन अली.
पाण्याची टाकी, एकच, अकरा वेळा.
वायर मागून न्यायची म्हणून पुठ्ठे उलटले
तर प्रत्येकामागे वेळ आणि गाडी.
३.१५. काचीगुडा पॅसेंजर, पन्नास मिनिटं लेट.
ती वेळेवर आली असती
तर हे ऊन कुणाच्याच हाती लागलं नसतं.
बाराव्या दिवशी बहुतेक वेळेवर आली.

आणि मग खिडकीशेजारचं ते.
इंदुमती पिंगळीकर. दोरीवरचे कपडे. वर्ष माहीत नाही.

नानलपेठ, बोळात डाव्या हाताचं तिसरं घर.
मी तेव्हा बोर्डात, रीडिंग घ्यायचो.
घरोघरी मीटर कशाकशाआड:
कॅलेंडर, देव, पडदा, उभी करून ठेवलेली खाट.
त्यांच्याकडं हे.
अकरा वर्षं, महिन्याच्या महिन्याला,
डाव्या हातानं चित्र उचलायचं,
आकडा बघायचा, सोडून द्यायचं.
खट् करून भिंतीवर बसायचं.
धूळ लागली तर बोट पॅन्टीला.
बाई उंबऱ्यात उभ्या, हातात पाण्याचा पेला,
नखांत नीळ.
मला वाटायचं, धुणं टाकून आल्या.

एकदा म्हणाल्या, जपून हं, ओलं आहे.
मी म्हटलं, मीटरपाशी ओल नका राहू देऊ, बाई,
शॉक बसंल.

आता शिडीवरून बघायलो.
एक धोतर, दोन परकर, लहान पोराचा सदरा.
कपडे असे नाहीतच म्हणा,
कपड्यांतून वाहणारं ऊन आहे,
आणि वाऱ्यानं ते एका बाजूला कललंय.
कोपऱ्यात ओसरीची भिंत,
तिच्यावर करडा चौकोन, त्यात लाल ठिपका.
मॅडमच्या मते जास्वंद असावी.
मी काही बोललो नाही.
सप्लाय चालू असला की तो दिवा लागतो.

मुलानं टेंपोतून आणलं होतं, खताच्या पोत्यात गुंडाळून.
परत कधी देणार, विचारत होता,
भिंत उघडी पडलीय,
आल्यागेल्याला मीटर दिसायलंय.

साडेपाचला हॉल बंद.
एकेक फोकस विझवत आलो, शेवटचा त्यांचा.
खिडकीतून थोडं ऊन अजून आत होतं,
कुणी न लावलेलं.
तेवढ्यात डावा हात आपोआप गेला,
खालची कड धरून चित्र उचललं.

मागं पांढरी भिंत. ताजा डिस्टेंपर.
आकडा नाही.

काय बघायलाव, वॉचमननं विचारलं.
मी चित्र दोन्ही हातांनी धरलं
आणि खट् होऊ न देता
खाली टेकवलं.